गोंडांच्या नावाचा दगड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

महाराष्ट्राचा दगड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचा काळा कातळ उभा राहतो. ते साहजिकच आहे. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग या काळ्या दगडानं, म्हणजे बेसाल्टनं, व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच दगडात कोरली गेली आणि सह्याद्रीतले किल्ले त्याच दगडावर उभे राहिले. पण नागपूर ओलांडून पूर्वेकडे निघालं की हा काळा दगड मागे पडतो. पुढे भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत पायाखाली जो दगड येतो, त्याची जात वेगळी आणि वयही वेगळं. तो सह्याद्रीच्या कातळाहून कितीतरी पटींनी म्हातारा आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरी हे गाव आहे. गडचिरोलीची सीमा जवळ, इटियाडोहचं धरण जवळ आणि भोवताली जंगल. बाहेरच्या लोकांना केशोरी ठाऊक असते ती मिरचीमुळे. या भागात मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नाल्याच्या पात्रात पांढऱ्या गारगोट्या पडलेल्या असायच्या. कुठे उन्हात चमचमणारा अभ्रकाचा दगड दिसायचा, तर कुठे करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. दप्तरात असे दगड घेऊन येणारी मुलं दरवर्षी भेटत.

पुस्तकात रूपांतरित खडकांवर चार ओळी होत्या. उष्णता आणि दाब यांमुळे चुनखडीचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट होतो, चिखलाच्या दगडाची स्लेट होते. मुलं ते पाठ करत आणि परीक्षेत लिहून मोकळी होत. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, ‘सर, पन हे बदलतानी पायलं कोनं?’ वर्ग हसला. पण प्रश्न फार मोलाचा होता. दगड बदलताना खरोखरच कुणी पाहिलेला नाही. हा बदल जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल होतो आणि त्याला लाखो-कोटी वर्षं लागतात. मग माणसाला ते कळलं कसं? त्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्या इतिहासात आपल्या या कोपऱ्यालाही एक जागा आहे, हेही सांगायचं आहे.

चुन्याची भट्टी आणि बंदुकीची नळी

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दगडांवरून मोठा वाद पेटला होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अब्राहम वेर्नर शिकवत. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीवर आरंभी सगळीकडे समुद्र होता आणि त्याच्या पाण्यातूनच बहुतेक सगळे खडक थरांनी खाली बसले. पट्ट्यांचे आणि अभ्रकाचे खडक हे त्यातले सर्वांत पहिले, म्हणजे ‘आदिम’. वेर्नर फर्डे शिक्षक होते. त्यांचे विद्यार्थी युरोपभर पसरले आणि हे मत रूढ झालं.

स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन यांना मात्र ते पटत नव्हतं. १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत त्यांनी आपला सिद्धांत मांडला. जमिनीच्या पोटात उष्णता आहे. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ त्या उष्णतेनं घट्ट होतो, वर उचलला जातो, त्याची पुन्हा झीज होते, पुन्हा गाळ साचतो. त्याच वर्षी ग्लेन टिल्टच्या दरीत त्यांना ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या दिसल्या. ग्रॅनाइट तप्त रसाच्या रूपात आत शिरला होता, याचा तो पुरावा होता.

विरोधकांचा आक्षेपही सबळ होता. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो, हे पानाला चुना लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भट्टीत तिच्यातला वायू निघून जातो आणि ठिसूळ चुना उरतो. हा वायू ओळखणारे जोसेफ ब्लॅक हे तर हटन यांचेच मित्र. मग जमिनीखालच्या उष्णतेनं चुनखडीचा चुना व्हायला हवा, संगमरवर कसा होईल? हटन म्हणत, खोल जमिनीखाली वरच्या खडकांचा एवढा दाब असतो की वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पण हे सिद्ध करणार कसं?

सर जेम्स हॉल हे हटन यांचे तरुण मित्र. प्रयोग करून पाहू, असं ते म्हणत. पण पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडी चुलीवरच्या भांड्यात पाहता येतील, यावर हटन यांचा विश्वास नव्हता. हॉल यांनी म्हाताऱ्याचा मान राखला. १७९७ साली हटन वारले, त्यानंतर त्यांनी हे प्रयोग नेटानं हाती घेतले. त्यांनी बंदुकीच्या लोखंडी नळीत खडूची भुकटी भरली, नळीचं तोंड घट्ट बंद केलं आणि ती भट्टीत तापवली. कित्येक नळ्या फुटल्या. पण ज्या टिकल्या, त्यांतल्या काहींत खडूचा चुना झाला नव्हता. त्याचा कणीदार, कठीण, संगमरवरासारखा दगड झाला होता. असे पाचशेहून अधिक प्रयोग करून १८०५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. आज प्रेशर कुकर वापरणाऱ्या घराला यातलं मर्म लगेच कळेल. झाकण बंद असलं की आतल्या वस्तूचं शिजणं वेगळं होतं.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. जमिनीखाली जाऊन कुणी पाहिलं नाही, पण जमिनीखालची परिस्थिती माणसानं वर आणून पाहिली. पुढे १८३३ साली चार्ल्स लायल यांनी अशा खडकांना नवं नाव दिलं, ‘मेटामॉर्फिक’, म्हणजे ज्यांचं रूप पालटलं आहे असे. आपण त्यालाच रूपांतरित म्हणतो.

न वितळता बदलणं

आता हे रूपांतर होतं तरी कसं, ते पाहू. पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की यात दगड वितळत नाही. वितळला आणि पुन्हा थिजला, तर तो अग्निजन्य झाला. रूपांतरित खडक घन अवस्थेतच बदलतो. मडक्याची कच्ची माती आव्यात वितळत नाही, तरी आव्यातून बाहेर येते ती वस्तू निराळी असते. पाण्यात विरघळणारी माती आता पाणी धरून ठेवते. तसंच हे.

जमिनीत जसजसं खोल जावं, तसतशी दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पंधरा किलोमीटर खोलीवर ती ४०० अंशांच्या घरात जाते आणि वरच्या खडकांचं ओझं हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट होतं. साधारण २०० अंशांच्या आसपास खडकातली जुनी खनिजं अस्थिर होऊ लागतात. त्यांचे अणू जागा सोडतात, शेजाऱ्यांशी नव्यानं जुळतात आणि नवी खनिजं तयार होतात. खडकाच्या कणांमध्ये अडकलेलं थोडंसं पाणी या कामात दलालासारखं वागतं. ते इकडचा माल तिकडे पोचवतं. सात-आठशे अंशांच्या पुढे बहुतेक खडक वितळायला लागतात आणि रूपांतराची हद्द तिथे संपते.

हे तीन प्रकारे घडतं. तप्त शिलारस एखाद्या खडकात घुसला, तर त्याच्या लगतचा भाग भाजून निघतो. चुलीशेजारची मातीची भिंत जशी लाल आणि कडक होते, तसा. हे स्पर्शानं झालेलं रूपांतर. दुसरा प्रकार जमिनीतल्या मोठ्या भेगांवरचा. दोन बाजूंचे खडक एकमेकांवर घासतात आणि मधला दगड अक्षरशः दळला जातो. अशा दगडाला चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ साली ‘मायलोनाइट’ म्हटलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच जातं असा आहे. तिसरा प्रकार सर्वांत मोठा. दोन भूखंड एकमेकांवर रेटले जातात, डोंगररांगा उभ्या राहतात आणि शेकडो किलोमीटरचा मुलूख एकाच वेळी दाबला, वाकवला आणि तापवला जातो. हे प्रादेशिक रूपांतर. पूर्व विदर्भाच्या दगडांची कहाणी मुख्यतः हीच आहे.

ओळख पटवायची कशी?

रूपांतरित खडकाचं वर्गीकरण करताना पहिला प्रश्न असतो, त्याला पापुद्रे किंवा पट्टे आहेत का? जंगलात सागाची पानं गळतात तेव्हा वेडीवाकडी पडतात. पावसाळाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली दबली की सगळी आडवी बसतात आणि एकावर एक थर होतात. एका दिशेनं दाब आला की खडकातले अभ्रकाचे चपटे कणही असेच दाबाला काटकोनात आडवे होतात. म्हणून असा दगड पापुद्र्यांत निघतो.

नदीच्या मुखाशी साचलेल्या साध्या चिखलाचा प्रवास पाहा. त्याचा आधी शेल हा गाळाचा खडक होतो. थोडी उष्णता आणि दाब मिळाला की त्याची स्लेट होते. आमच्या पिढीनं ज्या दगडी पाटीवर अक्षर गिरवलं, ती हीच. म्हणजे रूपांतरित खडक हातात धरूनच आपण श्री गणेशा केला होता! आणखी तापमान वाढलं की फायलाइट होतो. त्यातले अभ्रकाचे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, पण दगडावर रेशमासारखी झळाळी येते. पुढची पायरी शिस्टची. यात अभ्रक स्पष्ट चमकतं, आणि लाल-तपकिरी गार्नेटचे मणीही त्यात जडवल्यासारखे दिसू शकतात. शेवटची पायरी नाईस. यात गडद आणि फिकट खनिजं वेगळी होऊन पट्टे पडतात. मराठी विश्वकोशानं शिस्टला ‘सुभाजा’ आणि नाईसला ‘पट्टिताश्म’ असे नेटके शब्द दिले आहेत. ते अधिक वापरात यायला हवेत.

ज्या खडकांत चपटी खनिजं नसतात, त्यांना पापुद्रे येत नाहीत. चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या दगडाचा क्वार्ट्झाइट. यांची नावं घटकांवरून पडतात. २००७ साली भूविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीनं या नावांची घडी बसवून दिली. तिचा नियम सोपा आहे. दगडात काय दिसतं ते आधी सांगा आणि रचना कशी आहे ते शेवटी सांगा. उदाहरणार्थ, गार्नेट-अभ्रक-शिस्ट. नाव ऐकताच दगड डोळ्यांपुढे उभा राहतो.

पण नुसतं रूप पाहून समाधान झालं नाही. हा दगड किती तापला होता, किती खोल गेला होता, हे कळायला हवं होतं. १८९३ साली जॉर्ज बॅरो हे स्कॉटिश डोंगराळ भागाचा नकाशा करत होते. त्यांच्या लक्षात आलं की एका दिशेनं चालत गेलं तर खडकातली खनिजं ठरावीक क्रमानं बदलतात. त्यांनी सुरू केलेलं काम पुढे टिली यांनी पूर्ण केलं. क्लोराइट, मग काळं अभ्रक, मग गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. एकेक खनिज म्हणजे वाढत्या तापमानाचा एकेक टप्पा. नकाशावर या रेषा ओढल्या की कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेल्या भट्टीची धग कुठे किती होती, ते कळतं. पुढे फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी १९१५ साली आणखी एक पाऊल टाकलं. एकाच घटकांचे खडक निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी खनिजं घेऊन येत असतील, तर फरक घटकांचा नाही, उष्णता आणि दाब यांचा आहे, असं त्यांनी दाखवलं. त्यावरून त्यांनी खडकांचे गट पाडले. आजही तीच पद्धत पायाभूत आहे.

हे समजायला आपल्या धानाच्या मुलखात सोपं उदाहरण आहे. तांदळाचा भात होतो, पोहे होतात आणि मुरमुरेही होतात. दाणा एकच. कुटला की पोहे, कढत वाळूत भाजला की मुरमुरे. ताटात काय आलं ते पाहून दाण्यावर काय गुजरलं ते सांगता येतं. अँडाल्युसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट ही तीन खनिजं अशीच आहेत. तिघांचं रासायनिक सूत्र एकच. दाब कमी असेल तर अँडाल्युसाइट, दाब जास्त असेल तर कायनाइट, उष्णता जास्त असेल तर सिलिमनाइट. सुमारे ५०० अंश उष्णता आणि साधारण चौदा किलोमीटर खोलीचा दाब, हा तिघांचा मिलनबिंदू. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही सापडतात. कारखान्यांच्या भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटांसाठी ती वापरली जातात. स्वतः एवढी धग सोसलेलं खनिज भट्टीला घाबरेल कसं?

आमगाव, साकोली, सौसर

ही शास्त्राची गोष्ट झाली. आता तिच्यातला आपला वाटा पाहू.

रेल्वेनं जाताना आमगाव लागतं, रस्त्यानं जाताना साकोली लागते. मध्य प्रदेशाच्या हद्दीत सौसर आहे, तुमसरहून पुढे तिरोडी आहे. आपल्या लेखी ही बाजारपेठेची आणि बसथांब्यांची गावं. पण भूविज्ञानाच्या पुस्तकांत ती जगभर वाचली जातात. ‘आमगाव नाईस’ हा या भागाचा पाया. त्याचं वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. ‘साकोली गट’ म्हणजे फायलाइट, क्लोराइट-शिस्ट आणि क्वार्ट्झाइट यांची मालिका. हे बरेचसे कमी तापलेले दगड आहेत. ‘सौसर गटा’त संगमरवर, शिस्ट आणि मँगनीजचे थर येतात आणि त्यांनी अधिक धग सोसलेली आहे. दोन प्राचीन भूखंड एकमेकांना भिडले आणि मधला गाळ चेपला गेला. ही घटना सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. रामटेकजवळच्या देवलापार परिसरात डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात दाखवलं, की तिथले थर नुसते वाकलेले नाहीत, तर घडी पडून दूरवर सरकले आहेत आणि गोधडीसारखे दुसऱ्या खडकांवर अंथरले गेले आहेत. आल्प्समध्ये जे पाहायला लोक जात, ते रामटेकच्या पलीकडे होतं.

या अभ्यासाची सुरुवात करणाऱ्यांत एक नाव विसरता येणार नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास मिशनरी म्हणून नागपूरला आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर पायपीट करून त्यांनी नागपूरच्या परिसरातल्या खडकांचं आणि जीवाश्मांचं वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठवलं. ते गोंडी शिकले, गोंडांची लिंगोची कथा त्यांनी तोंडी ऐकून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. दगड आणि दगडांवर राहणारी माणसं, या दोन्हींची विचारपूस करणारा तो माणूस होता.

मग विसावं शतक उजाडलं. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १९०२ साली रुजू झालेले लुई ली फर्मर या खाणी पायाखाली घालत हिंडले. १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर त्यांचा मोठा ग्रंथ आला. या पट्ट्यात त्यांना एक वेगळाच दगड वारंवार भेटत होता. त्यात मँगनीज असलेला नारिंगी-तपकिरी गार्नेट आणि क्वार्ट्झ एकत्र विणलेले होते. फर्मर यांचा निष्कर्ष असा, की हा दगड मुळात मँगनीज मिसळलेला गाळ होता. प्राचीन समुद्राच्या तळाशी तो साचला आणि मग रूपांतरित झाला. या दगडाला नाव हवं होतं. फर्मर यांनी या मुलखात राहणाऱ्या लोकांचं नाव त्याला दिलं, गोंडाइट.

त्या काळात असं नाव देणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या थोडं आधी मद्रासकडच्या एका खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव मिळालं होतं. कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावर तो दगड बसवला आहे, म्हणून. ओडिशातल्या खडकाला मात्र वॉकर यांनी १९०२ साली तिथल्या खोंड लोकांवरून ‘खोंडालाइट’ म्हटलं. कोणार्कचं सूर्यमंदिर त्याच दगडाचं आहे. गोंडाइट आणि खोंडालाइट. दोन आदिवासी समाजांची नावं अशी जगाच्या खडकशास्त्रात कायमची कोरली गेली. गोंडाइटचा उल्लेख ब्राझील आणि आफ्रिकेतल्या मँगनीजच्या अभ्यासातही येतो.

नाव गोंडांचं, पण त्या दगडाबरोबर सापडलेलं मँगनीज गेलं पोलादाच्या कारखान्यांकडे. भंडारा जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आजही चालू आहेत. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलमध्ये वापरलं जातं. मी शिकवलेल्या कितीतरी वर्गांत गोंड मुलं होती. आपल्या समाजाच्या नावाचा एक दगड जगभरच्या पुस्तकांत आहे, हे त्यांपैकी एकाही मुलाला माझ्या वर्गात येण्याआधी ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरीही नव्हतं.

दगड वाचणारे जुने लोक

आपल्या लोकांना दगडाचं ज्ञान नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. नवेगावबांधचा तलाव पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथे बांध घालायचा आणि एका बांधात सगळं खोरं भरून घ्यायचं, हे कोहळी लोकांचं कसब होतं. कठीण खडकाच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत, मऊ खडक झिजून खोलगट झाले आहेत आणि तळाच्या दगडात पाणी सहजी मुरत नाही, या तीन गोष्टी त्यांनी ओळखल्या होत्या. भंडारा-गोंदियातले हजारो मालगुजारी तलाव या समजुतीवर उभे राहिले. क्वार्ट्झाइट आणि शिस्ट हे शब्द त्यांना ठाऊक नसतील, पण झिजणारा दगड कोणता आणि टिकणारा कोणता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, कचारगड आहे. महादेवानं गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली आणि पारी कुपार लिंगोनं आपल्या लोकांना मुक्त केलं, अशी गोंडांची कथा. माघ पौर्णिमेला मध्य भारतातल्या अनेक राज्यांतून लोक तिथे येतात. ज्या समाजाच्या उगमकथेत एक शिळा दारात उभी आहे, त्याच समाजाचं नाव एका दगडाला मिळावं, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आज या भागात रस्ते रुंद होत आहेत, घरं बांधली जात आहेत. गिट्टी लागणार आणि टेकड्या फुटणार. विकास नको, असं मी म्हणत नाही. पण गाळाचा थर पुन्हा साचेल, लाव्हाही कुठेतरी पुन्हा वाहील. शंभर कोटी वर्षांपूर्वीची धग अंगावर नोंदवलेली टेकडी मात्र एकदा गिट्टी झाली की ती नोंद वाचायला उरत नाही. बंगळूरच्या लालबागेतल्या नाईसच्या टेकाडाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. तो दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे आणि सकाळी फिरायला येणारी माणसं फलक वाचून त्याला हात लावून जातात. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटजवळचा चार्नोकाइटही स्मारक आहे. आपल्याकडे लोणार त्या यादीत आहे. पूर्व विदर्भातल्या एखाद्या टेकडीला, एखाद्या खडकाच्या उघड्या पाठीला असा मान मिळायला काय हरकत आहे?

त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. केशोरीसारख्या गावातली शाळा एक लाकडी खोकं करू शकते. त्यात नाल्यातली गारगोटी, अभ्रकाचा शिस्ट, पट्ट्यांचा नाईस, जुन्या पाटीचा तुकडा, संगमरवराची एक कपची आणि तुमसरकडून आणलेला गोंडाइट ठेवावा. प्रत्येकाखाली मराठीत आणि गोंडीत नाव लिहावं, तो कशापासून झाला आणि किती तापला ते एका ओळीत लिहावं. मग ‘हे बदलताना कुणी पाहिलं?’ असं एखाद्या मुलानं विचारलं, तर शिक्षकानं खोकं उघडून दगड त्याच्या हातात द्यावा. आणि तो मुलगा गोंड असेल, तर कोणता दगड आधी द्यायचा, ते सांगायला नको.